स्वप्नाच्या व्याकरणात उभयान्वयी अव्यये नसतात

कातरवेळ (धागाकर्ता)

पडद्यावर धुके पसरू लागले, पात्रांच्या हालचाली मंदावल्या आणि आवाज विहिरीतून आल्यासारखे घुमू लागले, की आता स्वप्न सुरू झाले हे कोणत्याही प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. माझी तक्रार नेमकी या धुक्याविषयी आहे. मला पडलेल्या स्वप्नांपैकी एकही धुक्यात घडल्याचे आठवत नाही. स्वप्नात जे दिसते ते बहुतेक वेळा लख्ख दिसते. परीक्षेचा पेपर समोर असतो, त्यावरची शाई अजून ओली असते आणि शेजारच्या बाकावर वीस वर्षांपूर्वी वारलेले आजोबा बसलेले असतात. दृश्यात अस्पष्ट असे काहीच नसते. आजोबा इथे कसे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही, सगळी गंमत तेवढ्यात असते.

स्वप्नांच्या मानसशास्त्राचा चित्रपटकलेवर प्रभाव पडला, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की ते आता पातळ झाले आहे. त्याच्यामागे सहसा प्रतीकांची यादी येते, जिना म्हणजे अमुक आणि पाणी म्हणजे तमुक. मला या यादीत फारसा रस नाही. चित्रपटाने स्वप्नाकडून खरोखर काही घेतले असेल तर ती त्याची जोडणी आहे, म्हणजे एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाण्याची त्याची रीत आहे, असे माझे मत आहे.

ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चलच्चित्रांचा पहिला खेळ केला तो २८ डिसेंबर १८९५ रोजी. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना इर्मा नावाच्या रुग्णाचे ते प्रसिद्ध स्वप्न पडले, ज्याच्या विश्लेषणातून त्यांची स्वप्नमीमांसा उभी राहिली. पुस्तक नोव्हेंबर १८९९ मध्ये निघाले, पण त्यावर साल छापले गेले १९००. या जवळिकीला मी योगायोगापेक्षा अधिक मान देत नाही. मात्र त्या पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात, जिथे स्वप्न कसे घडते याचे विवेचन आहे, तिथले काही परिच्छेद संकलनाच्या पाठ्यपुस्तकात बेमालूम खपून जातील. फ्रॉइड सांगतात, की 'जर', 'कारण', 'जरी', 'किंवा' हे संबंध दाखवण्याचे साधन स्वप्नाकडे नाही. कार्यकारणभाव दाखवायचा झाला तर स्वप्न दोन प्रसंग एकामागोमाग ठेवते, दोन विचारांचा संबंध दाखवायचा झाला तर दोन्ही एकाच चित्रात आणते आणि 'किंवा'ऐवजी दोन्ही पर्याय सारख्याच हक्काने शेजारी मांडते. शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर स्वप्नात उभयान्वयी अव्यये नसतात.

चित्रपटातही ती नसतात. 'पत्र आले म्हणून ती रडली' यातला 'म्हणून' कॅमेऱ्याला टिपता येत नाही. पत्राचा शॉट आणि रडणाऱ्या चेहऱ्याचा शॉट एकमेकांना जोडता येतो, 'म्हणून' प्रेक्षक आपल्या पदरचा घालतो. फ्रॉइड यांनी सांगितलेले घनीकरण, म्हणजे अनेक माणसे मिळून स्वप्नात एकच माणूस होणे, हेही असेच आहे. ते समजावताना त्यांनी स्वतःच फ्रान्सिस गाल्टन यांच्या छायाचित्रांची उपमा दिली होती, ज्यांत एकाच काचेवर अनेक चेहरे एकावर एक उमटवलेले असत. म्हणजे स्वप्नाची यंत्रणा समजावून सांगायला त्यांनाही कॅमेराच आठवला होता.

प्रतीके जरा बाजूला ठेवून, दिग्दर्शकांनी आणि संकलकांनी ही जोडणी कुठे आणि कशी वापरली, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.


संकलनमेज

मी लघुपटांचे आणि माहितीपटांचे संकलन करतो, त्यामुळे या विषयाकडे मी टेबलाच्या माझ्या बाजूने पाहणार, हे आधीच सांगतो. कट, म्हणजे एक शॉट तोडून त्याला तडक दुसरा जोडणे, ही मुळात विचित्र गोष्ट आहे. जन्मापासून आपण जे जग पाहतो ते अखंड असते. त्यात उभ्या उभ्या खोलीचा रस्ता होत नाही. तरीही पडद्यावर पहिल्यांदा कट पाहणाऱ्या माणसाला भोवळ आली नाही, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. संकलक वॉल्टर मर्च यांनी हाच प्रश्न उपस्थित करून असे सुचवले आहे, की रोज रात्री आपण तुकड्यातुकड्यांनी जोडलेली दृश्ये पाहतच असतो, त्यामुळे कट आपल्याला परका वाटला नसावा. हे सिद्ध करणे अवघड आहे, पण रोज कट करणाऱ्या माणसाला ते पटते.

याचे सर्वांत शुद्ध उदाहरण मला १९२४ च्या 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये दिसते. नायक झालेला विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन प्रोजेक्टर चालवता चालवता झोपी जातो, त्याचे स्वप्नातले रूप उठून पडद्यात शिरते आणि चित्रपट त्याला आत घेण्याऐवजी त्याच्याभोवतीची जागा बदलत राहतो. तो बागेतल्या बाकावर बसायला जातो आणि भर रस्त्यात आपटतो. चालत राहावे तर पुढे कडा लागतो. तिथून वाकून पाहतो तोवर तो सिंहांमध्ये उभा असतो. पुढे समुद्रातल्या एका खडकावरून तो पाण्यात उडी घेतो, पण डोके रुतते ते बर्फात. जागा बदलते, शरीराची अवस्था मात्र तीच राहते, आणि हे साधण्यासाठी कीटन आणि त्यांच्या छायाचित्रकाराने कॅमेऱ्यापासूनचे अंतर मोजणीच्या उपकरणांनी जुळवले होते. धूर नाही, एका चित्रात दुसरे विरघळवणारा डिझॉल्व्ह नाही, एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत सरळ कट आहे.

धुक्याचा त्रास मलाही होतो. सध्या एका लघुपटाचे काम माझ्याकडे आहे, त्यातल्या स्वप्नदृश्यासाठी दिग्दर्शकाने धुराची दोन यंत्रे लावून चित्रण केले आहे. धूर प्रत्येक शॉटमध्ये वेगळ्या जागी तरंगतो, त्यामुळे एकही कट जुळत नाही. म्हणजे स्वप्न वाटावे म्हणून जे केले, त्यानेच स्वप्नासारखी जोडणी अशक्य करून ठेवली आहे.


अर्धवट जाग

संकलनमेज, कीटनच्या दृश्याचे वर्णन चोख आहे, पण ते स्वप्नाचे उदाहरण म्हणून घेताना एक अडचण येते. प्रत्येक वेळी जागा बदलली की कीटन थबकतो, इकडेतिकडे पाहतो, गोंधळतो. स्वप्न पाहणारा माणूस नेमके हेच करत नाही. धागाकर्त्यांच्या उदाहरणात आजोबा बाकावर बसलेले असूनही कोणी चकित होत नाही, आणि ते निरीक्षण शास्त्राला धरून आहे. कीटन हा स्वप्नात अडकलेला जागा माणूस आहे, म्हणूनच ते दृश्य विनोदी होते. तो चकित झाला नसता तर आपल्याला हसू येण्याऐवजी थोडी भीती वाटली असती.

चर्चा फ्रॉइडपाशी थांबू नये म्हणून पुढची थोडी हकिगत मांडतो. १९५३ मध्ये युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांच्या जलद हालचालींचे टप्पे असतात हे दाखवले. यालाच आपण आरईएम झोप म्हणतो. साधारण दर नव्वद मिनिटांनी हा टप्पा येतो आणि त्यातून उठवलेली माणसे बहुधा स्पष्ट, घटनांनी भरलेली स्वप्ने सांगतात. १९७७ मध्ये ॲलन हॉबसन आणि रॉबर्ट मॅककार्ली यांनी मांडले, की मेंदूच्या खोडातून या काळात येणारे संकेत मुळात अर्थहीन असतात आणि मेंदूचा वरचा भाग त्यांची जमेल तशी गोष्ट करतो. म्हणजे दडलेल्या इच्छेने वेषांतर केले, असे मानायची गरजच उरत नाही. पुढे १९९० च्या दशकात मेंदूच्या प्रतिमांकनातून दिसले, की आरईएम झोपेत भावनांशी निगडित भाग चांगलाच जागा असतो, पण कपाळामागचा जो भाग तर्क लावतो, ताळा पाहतो, तो मंदावलेला असतो. आजोबांबद्दल प्रश्न न पडण्याचे कारण बहुधा इथे आहे.

मार्क सोल्म्स यांच्यासारखे संशोधक यावर आक्षेप घेतात. स्वप्न आणि आरईएम झोप या दोन वेगळ्या गोष्टी असून प्रेरणेशी संबंधित मेंदूच्या यंत्रणेला दुखापत झाली तर आरईएम टिकूनही स्वप्ने थांबतात, असे त्यांनी दाखवले. तेव्हा इच्छेला दाराबाहेर काढले म्हणता म्हणता ती मागच्या दाराने पुन्हा आत आली आहे.

दिग्दर्शकाच्या दृष्टीने यातून निघणारा मुद्दा साधा आहे. स्वप्न खरे वाटायला हवे असेल तर जग विचित्र करण्यापेक्षा पात्राची प्रतिक्रिया काढून टाकावी.


मूकपट

धाग्यात फ्रॉइड यांचे नाव आलेच आहे, तर त्यांना स्वतःला चित्रपट नको होता हेही नोंदवले पाहिजे. १९२० च्या दशकाच्या मध्यावर हॉलिवूडचे निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांनी एक लाख डॉलर देऊ करून त्यांच्याकडून प्रेमकथांवरच्या चित्रपटासाठी मदत मागितली होती आणि फ्रॉइड यांनी भेटही नाकारली. १९२५ मध्ये बर्लिनमध्ये मनोविश्लेषणावर चित्रपट करण्याचे ठरले, तेव्हा आपले शिष्य कार्ल आब्राहाम यांना लिहिलेल्या पत्रात फ्रॉइड यांनी कळवले, की आपल्या अमूर्त संकल्पनांचे समाधानकारक दृश्यरूप शक्य आहे असे त्यांना वाटत नाही. आब्राहाम आणि दुसरे मनोविश्लेषक हान्स झाक्स यांनी तरीही सल्लागार म्हणून काम केले. दिग्दर्शक जी. डब्ल्यू. पाब्स्ट यांचा तो चित्रपट, 'सीक्रेट्स ऑफ अ सोल', मार्च १९२६ मध्ये पडद्यावर आला. आब्राहाम त्याआधीच, डिसेंबर १९२५ मध्ये वारले होते. त्यातला नायक रसायनशास्त्रज्ञ आहे, त्याला सुऱ्यांची इतकी धास्ती बसते की जेवणाच्या टेबलावरची सुरीही हातात धरवत नाही. त्याच्या स्वप्नातले चित्रांवर चित्र चढवण्याचे काम कॅमेऱ्यातच फिल्म पुन्हा पुन्हा मागे फिरवून केलेले आहे, आणि एखाद्या चौकटीत चूक झाली तर सगळे पहिल्यापासून करावे लागे.

तांत्रिकदृष्ट्या ते थक्क करणारे आहे, पण शेवटी डॉक्टर प्रत्येक चित्राचा अर्थ लावून देतात आणि स्वप्न सोडवलेल्या गणितासारखे कोरडे पडते. माझ्या मते फ्रॉइड यांची शंका इथे खरी ठरली. स्वप्न पडद्यावर येऊ शकते, त्याचा अर्थ सांगणारा तास मात्र येऊ शकत नाही.

तीनच वर्षांनी, १९२९ मध्ये, दिग्दर्शक लुइस बुन्युएल आणि चित्रकार साल्वादोर दाली यांनी 'अन शिएन आंदालू' या लघुपटात उलट टोक गाठले. एकाच्या स्वप्नात चंद्रावरून पातळ ढग सरकला होता, डोळ्यावरून वस्तरा फिरावा तसा; दुसऱ्याच्या स्वप्नात हाताच्या तळव्यातून मुंग्या निघत होत्या. एवढ्या भांडवलावर दोघे पटकथा लिहायला बसले आणि नियम ठरवला, की ज्या कल्पनेचे तर्काने स्पष्टीकरण देता येईल ती बाद करायची. गंमत अशी, की 'अन शिएन आंदालू'चे तेव्हापासून आजपर्यंत सर्वाधिक स्पष्टीकरणच होत आले आहे. उभयान्वयी अव्यये काढून टाकली की वाचणारा ती भरल्याशिवाय राहत नाही, हा धागाकर्त्यांचाच मुद्दा यातून सिद्ध होतो.


उंबरठा

धुक्याला विरोध करणारे तुम्ही पहिले नाहीत. १९४५ च्या 'स्पेलबाउंड'साठी हिचकॉक यांनी दालींना बोलावले ते याच कारणाने. पडद्यावरची स्वप्ने नेहमी धूसर असतात, मला ती जागेपणाच्या चित्रणाहून अधिक धारदार हवी आहेत, लांब पडलेल्या सावल्यांसह, असे त्यांनी पुढे सांगितले. चित्रपटाचे निर्माते स्वतः मनोविश्लेषणाचे उपचार घेत होते आणि त्यांच्या डॉक्टर बाईंचे नाव सल्लागार म्हणून श्रेयनामावलीतही आहे. दृश्य मात्र कापून कापून काही मिनिटांवर आणले गेले, आणि पुढे त्याचाही उलगडा मूकपट म्हणतात तसा तासच घेऊन केला आहे.


कातरवेळ (धागाकर्ता)

अर्धवट जाग यांची दुरुस्ती मान्य आहे. प्रतिक्रिया काढून टाकणे, हे मला नीट शब्दांत पकडता आले नव्हते.

या कसोटीवर इंगमार बर्गमन यांच्या १९५७ च्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मधले सुरुवातीचे स्वप्न पाहण्यासारखे आहे. म्हातारा प्राध्यापक रिकाम्या रस्त्यावर आहे. ऊन इतके आहे की भिंती पांढऱ्याफटक झाल्या आहेत आणि सावल्या शाई सांडल्यासारख्या पडल्या आहेत. घड्याळाच्या दुकानाबाहेरच्या मोठ्या घड्याळाला काटे नाहीत. तो खिशातले स्वतःचे घड्याळ काढून पाहतो, त्यालाही काटे नाहीत. मग शवपेटी नेणारी गाडी येते, तिचे चाक दिव्याच्या खांबाला अडकते, पेटी खाली घसरते आणि तिच्यातून बाहेर आलेला हात त्याला धरतो. आत तो स्वतःच आहे. यात प्रतीके आहेत, अगदी ढळढळीत आहेत, तरी ते दृश्य अंगावर येते ते चाकामुळे. गाडी खांबाला अडकते, मागे येते, पुन्हा अडकते, पुन्हा अडकते. बर्गमन तिथे थांबून राहतात. मृत्यू सुचवायला शवपेटी पुरेशी होती. पण एकच क्षुल्लक गोष्ट होता होत नाही, हा छळ स्वप्नातूनच आलेला आहे.

रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्की यांनी तर लिहूनच ठेवले आहे, की स्वप्नाचे गूढ दाखवायला दिग्दर्शकांनी धूसरपणाचा आधार घेऊ नये, स्वप्न हे जीवनाच्या नेमक्या, नैसर्गिक रूपांनीच घडवावे. त्यांच्या १९६२ च्या 'इव्हान्स चाइल्डहूड'मध्ये मुलगा सफरचंदांनी भरलेल्या ट्रकवर बसून पावसात चालला आहे. समोरचा मुलगा, मुलगी, सफरचंदे सगळे नेहमीसारखे आहे आणि मागची झाडे मात्र निगेटिव्हमध्ये, पांढरी. एवढी एकच गोष्ट बदललेली आहे.


संकलनमेज

तारकोव्हस्की यांचे नाव घेतलेत म्हणून विचारतो. १९७५ च्या 'मिरर'मध्ये आई केस धुते आणि छताचा गिलावा पाण्यासह खाली कोसळत राहतो, ते दृश्य मंद गतीचेच आहे. धुके आणि मंद गती या दोघांना तुम्ही सुरुवातीला एकाच माळेत ओवले होते.


कातरवेळ (धागाकर्ता)

ओवले होते आणि ते घाईचे झाले. गिलाव्याच्या दृश्यात मंद गती स्वप्नाची पाटी म्हणून येत नाही; ओल्या गिलाव्याचे वजन दिसावे म्हणून येते. गती काढली तर पाणी उरेल, वजन जाईल. धुके काढून मात्र आजवर कोणाचे काही गेलेले मी पाहिले नाही.


कानोसा

सगळे डोळ्यांविषयीच चालले आहे, म्हणून आवाजाविषयी थोडे. फेलिनी यांच्या १९६३ च्या '८½'ची सुरुवात पुन्हा एकदा डोळे मिटून ऐकावी. बोगद्यात शेकडो मोटारी अडकलेल्या आहेत, पण एकही भोंगा वाजत नाही, इंजिनाची घरघर नाही. ऐकू येतो तो गाडीत कोंडलेल्या माणसाचा श्वास आणि काचेवर कापड घासल्याचा कर्कर आवाज. बाकीचे जग गप्प बसून त्याच्याकडे पाहत आहे. नंतर तो गाडीतून निसटून आकाशात तरंगू लागतो आणि पायाला बांधलेल्या दोराने त्याला खाली ओढले जाते, तोवर आपण त्या श्वासात पूर्ण अडकलेले असतो. ध्वनी आरेखनात आम्ही ज्याला आवाज 'गाळणे' म्हणतो त्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. घुमणारा आवाज हे ध्वनीतले धुकेच आहे. स्वप्नात कान घुमत नाहीत, ते निवड करतात.

फेलिनी यांची वाट फ्रॉइडकडून आलेली नव्हती. १९६० च्या सुमारास ते रोममध्ये एर्न्स्ट बेर्नहार्ड या युंगपंथी, म्हणजे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या विचाराच्या, विश्लेषकाकडे जाऊ लागले आणि त्याच्या सांगण्यावरून सकाळी उठल्यावर स्वप्न रंगीत चित्रांसह वहीत उतरवू लागले. ही सवय जवळपास तीस वर्षे टिकली आणि त्या वह्या त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. फ्रॉइड यांच्या लेखी स्वप्न हे वेषांतर आहे, त्याचा मुखवटा काढायचा असतो. युंग यांच्या लेखी स्वप्न काही लपवत नाही, ते स्वतःच्या चित्रभाषेत सरळ बोलत असते. दिग्दर्शकाला कोणते सोयीचे, हे सांगायला नको. ज्याला मुखवटा काढायचा आहे तो शेवटी डॉक्टरला खुर्चीवर बसवतो. ज्याला चित्रच पुरेसे आहे तो माणसाला पतंगासारखा दोर बांधून मोकळा होतो.


अर्धवट जाग

तांत्रिक प्रश्नांपैकी वेळेचा प्रश्न अजून आला नाही. २०१० च्या 'इन्सेप्शन'मुळे अनेकांची अशी खात्री झाली आहे, की बाहेरच्या पाच मिनिटांत स्वप्नात एक तास जातो, आणि स्वप्नातल्या स्वप्नात तो आणखी फुगत जातो. या कल्पनेचे मूळ जुने आहे. आल्फ्रेड मोरी या फ्रेंच अभ्यासकाने १८६१ च्या पुस्तकात सांगितले, की त्याला राज्यक्रांतीचे, खटल्याचे आणि शेवटी गिलोटिनखाली मान जाण्याचे लांबलचक स्वप्न पडले आणि जाग आली तेव्हा पलंगाची दांडी मानेवर पडलेली होती. तेव्हा सगळे स्वप्न दांडी पडल्यानंतरच्या क्षणात घडले असणार, असा निष्कर्ष निघाला आणि तो पुढे बराच काळ टिकला.

प्रयोगशाळेत तो टिकला नाही. १९५७ मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी आरईएम सुरू झाल्यावर कधी पाच तर कधी पंधरा मिनिटांनी माणसांना उठवून, स्वप्न किती वेळ चालले असे विचारले, आणि बहुतेकांनी बरोबर उत्तर दिले. पुढच्या वर्षी डिमेंट आणि एडवर्ड वोलपर्ट यांनी झोपलेल्यांच्या अंगावर पाणी शिंपडले. काहींच्या स्वप्नात ते गळके छत किंवा पाऊस होऊन आले, आणि त्या पावसानंतर स्वप्नात जेवढे घडले तेवढे घडायला लागणारा वेळ प्रत्यक्ष वेळेशी जुळला. जागृत स्वप्ने पाहणाऱ्यांनी, म्हणजे हे स्वप्न आहे याचे भान ठेवून स्वप्न पाहणाऱ्यांनी, ठरवून डोळे हलवून बाहेर खूण देण्याचे प्रयोग १९७० च्या दशकाच्या मध्यापासून झाले, त्यांतही स्वप्नातला एक ते दहा आकडे मोजण्याचा वेळ जागेपणीच्या वेळेइतकाच निघाला.

मग स्वप्नात वर्षे कशी जातात? संकलनमेज यांना याचे उत्तर ठाऊकच असेल. वर्षे चित्रपटात जशी जातात, तशीच. स्वप्न वेळ ताणत नाही, मधला भाग कापते. 'इन्सेप्शन'ने कट सोडून मंद गती निवडली आणि मेंदूच्या अंगाने पाहता चुकीचे साधन उचलले. मात्र त्याच चित्रपटातला एक संवाद या बाबतीत अचूक आहे: नायक विचारतो, आपण या उपाहारगृहात कसे आलो ते आठवते का, आणि समोरचीला ते आठवत नाही.


उंबरठा

प्रतीकांना तुम्ही सगळ्यांनी मिळून फार लवकर निकालात काढले, असे मला वाटते. १९६६ च्या 'नायक'मध्ये सत्यजित राय यांनी जे स्वप्न रचले आहे त्यात नोटांच्या टेकड्या आहेत, फोन वाजत राहतात, फोन धरलेले सांगाड्यांचे हात वर येतात आणि नट नोटांत रुतत जातो; हात देऊ शकणारा जुना गुरू हात देत नाही. अर्थ शाळकरी मुलालाही कळेल. तरीही ते खटकत नाही, कारण स्वप्न पाहणारा माणूस नट आहे. त्याची अपराधी भावनासुद्धा नेपथ्य लावून आणि रंगभूषा करूनच येणार. स्वप्न कोणाचे आहे यावर त्याची शैली ठरावी, मग ती ढोबळ असली तरी चालेल. १९५१ च्या 'आवारा'तले जवळपास नऊ मिनिटांचे स्वप्न तर ढगांनीच भरलेले आहे, पण ते ढग स्वर्गाचे आहेत आणि खाली नरक आहे, म्हणून तिथे त्यांना काम आहे. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण आपण किती सहज वापरतो. मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉल यांनी हजारो स्वप्नांच्या नोंदी गोळा करून, मोजदाद करून जे मांडले ते जवळपास हेच होते, की स्वप्ने जागेपणीच्या काळज्यांशी सलग असतात. राय यांचा नट पैशाची आणि पडण्याची काळजी करतो, म्हणून पैशात पडतो.


मूकपट

उंबरठा यांचे म्हणणे मला पटते, पण एका अपवादासह. प्रतीक एकच अर्थ घेऊन आले तर ते लवकर संपते. दिग्दर्शिका माया डेरेन यांच्या १९४३ च्या 'मेशेस ऑफ द आफ्टरनून'मध्ये किल्ली आहे, सुरी आहे, चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली आकृती आहे, आणि एका क्षणी किल्लीची सुरी होते. डेरेन यांचे वडील मनोविकारतज्ज्ञ होते, तरी आपल्या चित्रपटाचे मनोविश्लेषण होऊ नये असाच त्यांचा आग्रह राहिला. चौदा मिनिटांच्या त्या चित्रपटात माझ्या मनात राहिली आहेत ती काही पावले. नायिका हातात सुरी घेऊन उठते आणि झोपलेल्या स्वतःकडे चालू लागते. एक पाऊल वाळूत पडते, पुढचे गवतात, मग फरसबंदीवर आणि शेवटचे खोलीतल्या गालिच्यावर. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर समुद्रापासून घरापर्यंतचे होते. कीटनच्या दृश्याशी ताडून पाहा. कट तेच, शरीर तसेच अखंड, जागा तशीच बदलती, पण ही बाई खाली पाहत नाही. अर्धवट जाग म्हणतात ती काढून टाकलेली प्रतिक्रिया इथे आहे.


अर्धवट जाग

उदाहरण नेमके आहे. आता प्रवाह उलटाही वाहतो, हे सांगून मी थांबतो. १९४२ मध्ये एका अमेरिकी पाहणीत सुमारे ७१ टक्के महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सांगितले होते, की स्वप्नात रंग क्वचित दिसतात किंवा दिसतच नाहीत. तेच प्रश्न तत्त्वज्ञ एरिक श्विट्सगेबल यांनी सुमारे साठ वर्षांनी विचारले तेव्हा हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आले. २००८ मध्ये एव्हा मुर्झिन यांनी स्कॉटलंडमध्ये केलेल्या अभ्यासात, ज्यांचे बालपण कृष्णधवल पडद्यासमोर गेले त्या ज्येष्ठांनी कृष्णधवल स्वप्ने तरुणांपेक्षा कितीतरी अधिक सांगितली. स्वप्नेच बदलली, की स्वप्न आठवताना पडद्याचा साचा आड आला, हे ठरवणे कठीण आहे. श्विट्सगेबल यांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. काहीही असले तरी धागाकर्त्यांचे धुके येत्या पिढीच्या स्वप्नांत शिरणारच नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही.


कानोसा

संकलनमेज, त्या धुराच्या लघुपटाचे पुढे काय झाले?


संकलनमेज

काल रात्री बसलो होतो. धुराचे सगळे शॉट बाजूला ठेवले आणि धूर सोडण्याआधी केवळ प्रकाश तपासायला घेतलेले तीन कोरडे शॉट जोडून पाहिले. पहिल्यात नायिका दार बाहेरच्या बाजूला ढकलते, दुसऱ्यात तेच दार आतल्या बाजूला उघडते, तिसऱ्यात ती आधीपासून खुर्चीत बसलेली आहे. दिग्दर्शकाने दोनदा पाहिले आणि दार उलटे उघडल्याचे त्यांच्या लक्षात आले नाही, फक्त इथे काहीतरी बरोबर नाही असे वाटते, म्हणाले. मी दार दाखवल्यावर धूर काढायला त्यांनी संमती दिली. खुर्चीचा शॉट मात्र मंद गतीतच हवा असा त्यांचा आग्रह आहे, आणि त्यावर आमचे अजून जमलेले नाही.